सरासरीचं गणित: आधी एकूण, मग भागाकार

एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली: १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींच्या, म्हणजे २५ लाख लिटरच्या गाड्या आल्या. समजा, ९ गाड्या लहान आणि १ मोठी आली. दर गाडीला सरासरी किती पाणी?

गैरसमज: ५ आणि २५ यांची सरासरी १५, म्हणून उत्तर १५ लाख.

लहान गाड्या ९ आहेत, मोठी एकच. दोघींना सारखा मान कसा देणार? एकूण पाणी ९×५ + २५ = ७० लाख, गाड्या १०, सरासरी ७ लाख. ७ लाखांची गाडी यात एकही नाही, तरी उत्तर बरोबर आहे. सरासरी दिलेल्या आकड्यांपैकीच एक असावी, असा नियम नाही.

आता प्रश्न उलटा करू. सरासरी २० लाखांवर न्यायला मोठ्या गाड्या किती लागतील? त्या क्ष मानू. पाणी ४५ + २५क्ष, गाड्या ९ + क्ष.

४५ + २५क्ष = २०(९ + क्ष)
५क्ष = १३५, क्ष = २७.

सरासरी ३० लाख हवी म्हटलं, तर क्ष = −४५ येतो. मुलं इथे घाबरून खाडाखोड करतात. पण समीकरण खरं तेच सांगतं आहे: सर्वांत मोठी गाडीच २५ लाखांची, तर सरासरी ३० कुठून येणार? सूत्रं पाठ करून हे कळत नाही, म्हणून मला बीजगणित मोलाचं वाटतं.

गैरसमज: अंतर दिलेलं नाही, म्हणजे प्रश्नच चुकीचा.

नांदेडहून लातूरला गाडी ताशी ६० किमी वेगाने गेली, त्याच रस्त्याने ४० ने परतली. सरासरी वेग? बहुतेक जण ५० म्हणतात. अंतर क्ष धरा. लागलेला वेळ क्ष/६० + क्ष/४० = क्ष/२४ तास. एकूण अंतर २क्ष. भागल्यावर क्ष उडतो, उरतात ४८. हळू चालताना गाडी जास्त वेळ रस्त्यावर असते, म्हणून सरासरी ४० कडे झुकते. दोन्ही वेगांनी सारखाच वेळ चालली असती, तर ५० बरोबर होते.

गैरसमज: हे फक्त परीक्षेपुरतं.

सोयाबीन १० क्विंटल ४,५०० ने आणि ३० क्विंटल ४,१०० ने विकलं, तर सरासरी भाव ४,३०० नव्हे, ४,२०० पडला: १,६८,००० भागिले ४०. घरात अजून २० क्विंटल आहे आणि सगळ्या मालाला सरासरी ४,३०० हवेत. उरलेल्याचा भाव क्ष:

१,६८,००० + २०क्ष = ६० × ४,३००
क्ष = ४,५००.

त्याहून कमी बोली आली, तर ४,३०० ची सरासरी पडणार नाही, हे शेतकऱ्याला आडतीवर उभ्या उभ्या कळतं.