वाढीच्या ओळींचा हिशेब

भाईंदरहून उत्तनच्या बाजूला गेले, की धारावी किल्ल्याजवळ समुद्रकाठी चौक हे कोळ्यांचे गाव लागते. तिथल्या खाऱ्या, दमट हवेत लोकरीच्या स्वेटरची गरज ती कितीशी! पण विणकाम करणाऱ्या बाईने मुद्दाम पाहावे असे या किनाऱ्यावर एक आहे, ते म्हणजे डोल जाळे. तोंडाशी ऐसपैस आणि शेपटाकडे निमुळती होत गेलेली ही लांबलचक पिशवी. आस, म्हणजे जाळ्याची घरे, मोजूनमापून कमी करत नेली तरच तिला हा आकार येतो. आता नायलॉनचे तयार जाळे आणून जोडतात, पण फाटले की दुरुस्ती हातानेच.

आपल्या स्वेटरची बाही म्हणजे तरी काय? हेच जाळे, उलट टोकाकडून सुरू केलेले! मनगटाशी अरुंद, दंडाशी रुंद. टाके कधी वाढवले याचा हिशेब चुकला की एक बाही लांब, दुसरी आखूड. आणि ते कळते केव्हा? शिवायला बसल्यावर. मग आठवड्याच्या दुपारी उसवायच्या!

तेव्हा मैत्रिणींनो, सुई हातात घेण्याआधी वही घ्या. समजा, मुलाच्या स्वेटरची बाही आहे. बॉर्डर संपली तेव्हा सुईवर ४८ टाके आहेत, वर ७६ हवेत. म्हणजे २८ वाढवायचे. एका ओळीत दोन्ही कडांना एकेक, म्हणून वाढीच्या ओळी १४. बॉर्डरच्या वर मुंढ्यापर्यंत १० इंच विणायचे आणि तुमच्या विणीत इंचाला ९ ओळी बसतात, म्हणजे एकूण ओळी ९०. (ओळी किती बसतात ते आधी छोटा तुकडा विणून मोजा. प्रत्येकीचा हात वेगळा.) पहिली वाढ ५व्या ओळीत करा, मग दर सहा ओळींनी : ११, १७, २३... असे करत ८३व्या ओळीत चौदावी. उरलेल्या सात ओळी सरळ विणा.

हे आकडे वहीत उतरवा आणि वाढ झाली की त्या आकड्यावर काट मारा. बॉर्डरनंतरची पहिली ओळ सुलट बाजूची असेल, तर वाढ नेहमी सुलट बाजूलाच येईल. उलट बाजूला आली, की समजा मोजणी चुकली!

पण दूधवाला आला, कुकरची शिट्टी झाली, अन् काट मारायचीच राहिली तर? म्हणून वाढवलेल्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या लोकरीचा छोटा तुकडा अडकवून ठेवा. तुकडे मोजले की वाढी कळतात. शेवटच्या तुकड्यापासून वरचे टाके मोजले की ओळीही कळतात. आणि मध्येच उठायचे झाले तर ओळ पुरी करूनच उठा.

जमत असेल तर दोन गुंडे घेऊन दोन्ही बाह्या एकाच सुईवर शेजारीशेजारी विणा. एकीत वाढवले की लगेच दुसरीतही. मग लांबी-रुंदीत फरक पडायला वावच नाही.

इतके करूनही उसवायची वेळ आलीच, तर लोकर तशीच पुन्हा विणू नका. तिची सैल लडी करा, दोनचार ठिकाणी बांधा, कोमट पाण्यातून काढून सावलीत वाळवा. वळ्या गेल्या की वीण पुन्हा सारखी येते.