हवा तेवढाच तुकडा!

बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडली की आपण गोराईला पोहोचतो. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला खाडी आणि खाडीच्या काठाने कांदळवन. लँडसॅट ८ व ९ हे उपग्रह अशा भूभागाची चित्रे घेतात. संगणकाच्या दृष्टीने हे चित्र म्हणजे आकड्यांची सारणी, अर्थात मॅट्रिक्स. तिच्यातील एक आकडा सामान्यतः जमिनीवरील ३० मीटर बाजूच्या चौरसाबद्दल असतो.

चित्रातील आकड्यांवरून पाणी, जमीन व झाडी ओळखता येतात. समजा, आपण पाण्याला १, मोकळ्या जमिनीला २ आणि कांदळवनाला ३ म्हटले व पुढील काल्पनिक सारणी तयार झाली. तिला नाव देऊ 'ग'.

१ १ २ २ ३ १
१ २ २ ३ ३ १
१ २ २ २ ३ १
१ १ २ ३ ३ १

आपल्याला सगळी सारणी नको, खाडीकडचा तुकडाच हवा. पायथॉन भाषेत नम्पाय वापरून अशी आज्ञा देतात (संगणकावर आकडे इंग्रजी लिहावेत):

ग[१:३, ३:६]

स्वल्पविरामाआधी ओळी, नंतर स्तंभ. विसर्गासारख्या चिन्हाच्या डावीकडे आरंभ, उजवीकडे शेवट. मात्र येथे मोजणी शून्यापासून होते आणि शेवटचा क्रमांक धरला जात नाही! म्हणून १ व २ क्रमांकाच्या ओळी, आणि ३, ४, ५ क्रमांकाचे स्तंभ मिळतात:

३ ३ १
२ ३ १

नुसते ':' लिहिले तर 'सगळे' असा अर्थ होतो. ग[:, ४] म्हणजे ४ क्रमांकाचा संपूर्ण स्तंभ. तो वरून खाली वाचून पाहा. चारही आकडे ३ आहेत.

शेवट वगळण्याची ही रीत विचित्र वाटते ना? पण तिची एक सोय आहे. ३ वजा १ बरोबर २ ओळी. ६ वजा ३ बरोबर ३ स्तंभ. नुसत्या वजाबाकीने तुकड्याचा आकार कळतो. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९८२ साली एका टिपणात याच रीतीचा पुरस्कार केला होता.

मॅटलॅब या भाषेत मात्र मोजणी एकपासून होते व शेवटही धरला जातो. तेथे ग(१:३, ३:६) लिहिले तर ३ ओळी व ४ स्तंभ मिळतात. कांदळवनाचे चौरस पहिल्या तुकड्यात ३ होते, येथे ४ होतात. आकडे तेच, पण उत्तरात ९०० चौरस मीटरचा फरक!

हा फरक क्षुल्लक नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशाने व २०१८ च्या निकालाने कांदळवनांच्या तोडीस आणि त्यांच्या भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यातील बांधकामास मनाई केली. अशा पट्ट्याचा अभ्यास करताना एक ओळ चुकली, तर ३० मीटरची, म्हणजे निम्म्याहून अधिक पट्ट्याची चूक होते.

आणखी एक सावधगिरी. नम्पायमधील असा तुकडा ही स्वतंत्र प्रत नसते. ती मूळ सारणीकडे पाहण्याची खिडकी असते. तुकड्यातील ३ चा २ केला, तर मूळ सारणीतील कांदळवनही नाहीसे होते! म्हणून बदल करण्यापूर्वी प्रत काढून घ्यावी.

आता चौकटीच्या कागदावर ही सारणी उतरवा. ग[०:२, ४:६] मध्ये कोणते चार आकडे येतील? आधी वजाबाकीने तुकड्याचा आकार काढा, मग पेन्सिलीने चौकट आखून पडताळा घ्या.