धवळे : राजकीर्तीपासून लग्नमंडपापर्यंत

भिवंडीकडील आगरी वस्तींत परंपरेप्रमाणें लग्नास धवळारीण लागते. मंडप, हळद इत्यादि विधि चालले असतां त्या त्या प्रसंगाचीं गीतें ती म्हणते; त्यांस धवळे म्हणतात. ठाणें भागांतील वारली लोकांतहि लग्न लावणाऱ्या स्त्रीस धवलेरी हेंच नांव आहे. ह्या शब्दाचा अर्थ कसकसा पालटत गेला, हें येथें थोडक्यांत पाहूं.

धवल म्हणजे शुभ्र; आणि संस्कृत कवींच्या संकेतांत कीर्तीचा वर्ण शुभ्रच. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत संगीतरत्नाकर रचला. त्यांत धवल हा एक गीतप्रबंध सांगितला असून, चार, सहा व आठ चरणांच्या त्याच्या तीन भेदांस कीर्ति, विजय व विक्रम अशीं नांवें दिलीं आहेत. नांवांवरून हें राजस्तुतीचें गीत असावें असें दिसतें. तथापि आशीर्वादपर, लोकरूढीप्रमाणें गाइल्या जाणाऱ्या धवलाचीहि तेथें नोंद आहे.

ही लोकरूढि त्याहून जुनी आहे. चालुक्य सोमेश्वराचा मानसोल्लास शके १०५१ च्या (इ. स. ११२९) सुमाराचा. विवाहांत धवल गावा असें त्यांत सांगितलें असून, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात हेंहि तेथेंच नमूद आहे.

पुढें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या सन्निध महदंबेनें रुक्मिणीस्वयंवराचे धवळे गाइले. येथें वधूवर देवच झाले आणि लग्नगीतास भक्तीचा अर्थ आला. महानुभावांच्या सांकेतिक लिपींतील पोथ्यांमुळें तें काव्य टिकलें.

ह्यावरून एक भ्रम दूर व्हावा. महदंबेचे धवळे लिहिलेले सांपडतात, म्हणून आगरी धवळे हे त्यांचे अपभ्रष्ट अवशेष, असें मानणें युक्त नव्हे. मानसोल्लासाची साक्ष सुमारें दीडशें वर्षे अगोदरची आहे. तेव्हां कवयित्रीनेंच स्त्रियांच्या मुखांतील प्रचलित प्रकार घेतला, हें अधिक संभवनीय. गुजराथींतील ‘धोळ’ हा गीतप्रकारहि ह्याच शब्दाचा वंशज. म्हणजे हा प्रघात एका पंथाचा किंवा एका प्रांताचा नव्हे.

पोथीसंग्राहकांस ह्यांत एक विनंति आहे. धवळारणीचें भांडार कंठस्थ असतें. ती गेली कीं तें गेलें, त्याची दुसरी प्रत कोठेंहि मिळावयाची नाहीं. म्हणून गीत उतरून घेतांना गांव, तिथि व विधि ह्यांची नोंद अवश्य करावी. आगरी बोलींत ‘ळ’चा ‘ल’ व ‘ण’चा ‘न’ होतो. तो अशुद्ध समजून सुधारूं नये. पोथींतील पाठ आपण जसा जपतों, तसाच मुखांतील पाठहि जपला पाहिजे.