भात सोडला, सूप आले

भातसानगर असो की शहापूर-मुरबाडची गावे, आमचा जेवणाचा आधार भात. मधुमेह निघाला की डॉक्टर तो कमी करायला सांगतात. मग रिकाम्या पोटी पाकिटातले सूप, नाहीतर गाडीवरचे चायनीज! त्यातल्या अजिनोमोटोने काहींचे डोके दुखते, छाती धडधडते. भात-भाकरीसोबत ते पोटात गेले तर रक्तात ग्लुटामेट कमी चढते. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने मागवलेल्या १९९५ च्या अहवालातही अन्नाशिवाय ३ ग्रॅम घेतल्यास काहींना त्रास संभवतो, असे आहे. एरवी एका डिशमध्ये साधारण अर्ध्या ग्रॅमहून कमीच असते. विष म्हणून बोंब मारण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. भगिनींनो, पाकिटावर ६२१ हा आकडा पाहा. आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना भात मनानेच बंद करू नका. साखर एकदम उतरून घाम फुटतो, चक्कर येते.