इंग्रजीतून आलेली खापरपणजी

“ती इंग्रजीतून आलेली,” एवढंच आत्या सांगायची. ती म्हणजे माझ्या पणजोबांची आई. नाव घरात कुणालाच आठवत नव्हतं. लहानपणी माझ्या डोळ्यांपुढं गोरी मड्डमच उभी राहायची. पुढं उलगडा झाला. आमचं गाव धाराशिव तालुक्यात, बार्शीच्या शिवेला लागून. १९४८ पर्यंत शिवेच्या अलीकडं निजामाची मोगलाई, पलीकडं सोलापूर जिल्हा म्हणजे ‘इंग्रजी’. लग्न करून बाई राज्य ओलांडून आली होती.

म्हणून तिचा माग अवघड. कागद दोन सरकारांचे, लिप्याही वेगळ्या. हैदराबाद संस्थानात १८८४ साली कारभारात फारसीच्या जागी उर्दू आली. गावात कुलकर्ण्यांचं लिखाण मोडीत.

घरच्या पत्र्याच्या पेटीत साऱ्याची एक उर्दू पावती निघाली. शेजारच्या गावातल्या निवृत्त गुरुजींनी ती उन्हाकडं धरली. अक्षर शिकस्ता वळणाचं, नुक्ते गाळलेले. उजवीकडून बोट सरकवत ते म्हणाले, “आजूर महिना, १३०६ फसली.” फसलीत ५९० मिळवायचे, वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. म्हणजे १८९६ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर, दुष्काळाचा हंगाम. बोट पुढं गेलं आणि थांबलं. “बेवा,” ते म्हणाले. विधवा. पुढं नवऱ्याचं नाव, पुढं रक्कम. अशा साली एकट्या बाईनं सारा भरला आणि पावतीवर तिचं नाव नाही. मी तो शब्द त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतला.

फ्रान्सच्या खेड्यातली त्याच काळातली बाई शोधणं सोपं. तिथं १७९२ पासून जन्म, लग्न, मृत्यू सरकारी वहीत नोंदले जातात आणि बाई मरेपर्यंत कागदावर माहेरच्या आडनावानं राहते. आपल्याकडं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव रेखलं, की आधीची मुलगी सापडेनाशी होते. मला हे फार बोचतं.

शेवटी भावाबरोबर नाशिकला गेले. यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या राखणाऱ्या तीर्थोपाध्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं. धाराशिवच्या आधीच्या उस्मानाबाद या नावाखाली काही निघेना. “जुना जिल्हा कुठला?” मी म्हटलं, “नळदुर्ग.” लाल फडक्यातली दुसरी वही खाली आली. लांबट पानं, कडांना वाळवीची नक्षी. शके १८४२, म्हणजे १९२०-२१, सिंहस्थाचं साल. पणजोबांचा लेख मोडीत होता. वडील, आजोबा, भाऊ, मुलं. मग ओळ सोडून ‘आजोळ’: आईचे वडील, त्यांचे वडील, त्यांचेही वडील, मुक्काम वैराग, तालुका बार्शी. तीर्थश्राद्धात आईकडच्या तीन पिढ्यांनाही पिंड द्यावा लागतो. त्या विधीपायीच तिचं माहेर कागदावर टिकलं होतं; सरकारदरबारी नाही, मुलाच्या हातच्या ओळीत.

आणि आईपुढं तीन अक्षरांचं एक नाव. सासरचं. उपाध्यांनी ते मोठ्यानं वाचलं, मी त्यांच्यामागून उच्चारलं. माहेरचं नाव अजून वैरागातच कुठंतरी आहे.

“आता तुमचा लेख लिहा,” त्यांनी पेन भावापुढं केलं. त्यानं ते माझ्याकडं सरकवलं. मी आईचं माहेरचं नाव लिहिलं, तिचं गाव लिहिलं. मग वहिनीचं, आत्याचं, माझं जन्माचं नाव. पान पुरेना. उपाध्यांनी काही न बोलता उलटून दिलं.