पट्टी जपा, फोटोही काढा

नाशिक जिल्ह्यातल्या वणीच्या उपबाजार आवारात कांद्याची बोली संपायला मिनिटही लागत नाही. ट्रॅक्टरभोवती जमलेल्या व्यापाऱ्यांपैकी एकाच्या नावावर माल सुटतो, भाव चिठ्ठीवर लिहिला जातो आणि ट्रॅक्टर काट्याकडे वळतो. आधी भरल्या ट्रॅक्टरचे वजन, खळ्यावर माल उतरवल्यावर रिकाम्याचे. दोन्हींची वजाबाकी काटापट्टीवर येते. तिच्यावरून हिशोबपट्टी बनते. पैसे बँकेत जमा झाल्याचा मेसेज मोबाइलवर येतो, तोवर काटापट्टी आणि हिशोबपट्टी सदऱ्याच्या खिशात घडी होऊन बसलेल्या असतात.

एरवी या पट्ट्यांचे आयुष्य चार-आठ दिवसांचे. 2023 मध्ये मात्र त्यांना अचानक भाव आला. त्या वर्षी लेट खरीप लाल कांद्याचे दर कोसळले आणि राज्य सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर केले. 1 फेब्रुवारी ते 31 मार्च 2023 या काळात विकलेला कांदा आणि जास्तीत जास्त 200 क्विंटल, अशी मर्यादा होती. म्हणजे एका शेतकऱ्याला फार तर 70 हजार रुपये. त्यासाठी दोन पुरावे लागणार होते : विक्रीची मूळ पट्टी, आणि कांद्याच्या पिकाची नोंद असलेला सातबारा. पहिला पुरावा कागदाचा आणि दुसरा मोबाइलचा होता, कारण पिकाची नोंद तोपर्यंत ‘ई-पीक पाहणी’ या अ‍ॅपवर गेलेली होती.

ज्यांच्याकडे दोन्ही होते त्यांचे काम सोपे झाले. पण अनेकांची पट्टी हातात होती आणि सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा. कांदा पिकला होता, विकला होता, वजनासकट त्याचा कागद होता. फक्त अ‍ॅपमध्ये तो कधी लागलाच नव्हता. ओरड झाल्यावर अट शिथिल करण्यात आली. ज्यांच्या सातबाऱ्यावर नोंद नाही, त्यांच्याबाबत तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक अशा गावपातळीवरच्या मंडळींनी खातरजमा करून अहवाल द्यावा, असे ठरले. मोबाइलमध्ये राहून गेलेली नोंद शेवटी माणसांच्या सहीने भरून काढावी लागली.

कागद आणि संगणक एकत्र वापरायचे म्हणजे काय, हे समजून घ्यायला वणी ज्यात येते त्या दिंडोरी तालुक्याइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. इथला शेतकरी कांदा आणि टोमॅटो बाजार समितीत विकतो, द्राक्ष युरोपला पाठवतो आणि सातबाऱ्यासाठी चावडीतही जातो. या प्रत्येक ठिकाणी माहिती कागदावरून पडद्यावर आणि पडद्यावरून परत कागदावर उतरते. घोटाळे होतात ते बहुतेक वेळा या उतरण्यातच.

सातबाऱ्याचेच घ्या. त्यात गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 असे दोन भाग आहेत. सातमध्ये जमीन कोणाची, किती, तिच्यावर कोणता बोजा हे येते. बारामध्ये कोणत्या हंगामात कोणते पीक होते ते. दोन्ही भाग पूर्वी तलाठ्याच्या हाताने लिहिले जात. पुढे ते संगणकावर आले. लाखो हस्तलिखित पाने कोणीतरी बसून टाइप केल्यावर जे व्हायचे ते झाले. कुठे आडनावाची वेलांटी बदलली, कुठे एका भावाचे नाव गळाले, कुठे दशांश चिन्ह एक घर सरकले. 0.40 हेक्टरचे 0.04 झाले, की 40 आरांची जमीन कागदोपत्री 4 आरांवर येते.

यावर महसूल खात्याने 2017 मध्ये काढलेला उपाय अगदी जुन्या वळणाचा होता. गावोगाव चावडी वाचन मोहीम झाली. संगणकातला सातबारा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, आणि ज्याचा त्याने ऐकून चूक सांगायची. संगणकाला जी चूक दिसू शकत नव्हती, ती बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याच्या कानाला लगेच कळत होती. त्यातूनही राहिलेल्या लेखनाच्या चुकांसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधले कलम 155 आहे. त्याखाली तहसीलदार दुरुस्तीचा आदेश देतात. पण मूळ नोंद काय होती हे दाखवायचे कशावरून? जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावरून आणि फेरफाराच्या नकलेवरून. म्हणूनच जुने अभिलेख स्कॅन करून ऑनलाइन पाहायला ठेवण्याचे काम सरकारने हाती घेतले, आणि त्यात सुरुवातीला घेतलेल्या जिल्ह्यांत नाशिक होता.

बारा नंबरच्या नमुन्याची गोष्ट निराळी. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि तलाठ्याने बांधावर जाऊन लिहायचा पीकपेरा शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर भरायचा असे ठरले. शेतात उभे राहून गट नंबर निवडायचा, पीक, क्षेत्र आणि पाण्याचे साधन भरायचे, पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही जातात, त्यामुळे घरी ओट्यावर बसून भरलेली नोंद उघडी पडू शकते. शेतकऱ्यांनी केलेल्या नोंदींपैकी ठरावीक नोंदी तलाठ्याने पडताळायच्या असतात. तलाठ्याला न विचारता पीक सातबाऱ्यावर चढू लागले, हा मोठा बदल होता. मात्र नोंद करायची मुदत चुकली, नेटवर्क मिळाले नाही किंवा घरात स्मार्टफोनच नसला, तर कांदा अनुदानाच्या वेळी झाले तसे होते.

द्राक्षाच्या बागेत ही कागद-संगणकाची जोड याच्या बऱ्याच आधी बसली, आणि तीही परदेशी ग्राहकाच्या धाकाने. 2003 मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि निर्यातदारांचे धाबे दणाणले. घड कोणत्या बागेतला, हे पेटीवरून सांगता येत नव्हते. 2006 मध्ये अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही संगणक प्रणाली सुरू केली. निर्यातीची प्रत्येक बाग कृषी विभागाकडे नोंदवायची, तिला क्रमांक मिळणार. काढणीआधी प्रयोगशाळेने नमुना घ्यायचा आणि अहवाल प्रणालीत टाकायचा. अंश जास्त आढळले तर त्या बागेबद्दल इशारा निघणार आणि तिचा माल युरोपच्या वाटेवरून बाजूला होणार. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा या चाचण्यांवर देखरेख करते. मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’सारख्या शेतकऱ्यांच्या कंपन्यांपासून छोट्या निर्यातदारांपर्यंत सगळ्यांना याच चाळणीतून जावे लागते.

या सगळ्या डिजिटल साखळीची पहिली कडी मात्र वहीची आहे. ऑक्टोबर छाटणीपासून बागायतदार फवारणीची नोंद ठेवतो : तारीख, औषध, प्रमाण, किती लिटर पाणी, फवारणी कशासाठी, आणि त्या औषधानंतर काढणीपर्यंत किती दिवस सोडायचे. हातात फवाऱ्याचा गन आणि हातमोज्यांवर औषध असताना कोणी मोबाइल काढत नाही. वही शेडमध्ये खिळ्याला लटकते, मजूरही तिच्यात लिहू शकतो, आणि निरीक्षणाला आलेला अधिकारी तीच आधी मागतो.

वहीची आणखी एक बाजू 2010 च्या हंगामात दिसली. ग्रेपनेट चार वर्षांचे झाले होते, बागा नोंदलेल्या होत्या, चाचण्या होत होत्या. तरी युरोपात सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडले आणि माल अडकला. छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला बागायतदार ते वापरत; तपासायच्या रसायनांच्या यादीत मात्र ते नव्हते. यादीत नसलेले औषध प्रणाली विचारत नव्हती आणि प्रयोगशाळा शोधत नव्हती. पुढे यादी सुधारली. संगणकाचा फॉर्म ठरलेल्या रकान्यांतच विचारतो, वहीच्या समासात मात्र काहीही लिहिता येते. मोठ्या प्रणाली चालवणाऱ्यांनी अधूनमधून या समासांकडे पाहायला हवे ते यासाठीच.

कागद संपणार, हे भाकीत तसे जुने आहे. 1975 मध्ये अमेरिकेतल्या ‘बिझनेस वीक’ने भविष्यातल्या कार्यालयावर लेख छापला. त्यात झेरॉक्सच्या संशोधन केंद्राचे प्रमुख जॉर्ज पेक यांनी टेबलावरच्या पडद्यावर कागदपत्रे बोलावता येतील, असे चित्र रंगवले होते. पडदे आले. अ‍ॅबिगेल सेलन आणि रिचर्ड हार्पर या संशोधकांच्या 2001 च्या पुस्तकात मात्र नोंद आहे की कार्यालयात ई-मेल आल्यावर कागदाचा वापर सरासरी 40 टक्क्यांनी वाढला. लोक पडद्यावर शोधत, साठवत आणि पाठवत. वाचायला, खुणा करायला, दोन पाने शेजारी ठेवून ताडायला मात्र प्रिंट काढत.

आपल्याकडे प्रिंट काढण्यामागे आणखी एक कारण असते, ते म्हणजे पुरावा. पुराव्याच्या खरेपणाची खूण कुठे असते, हे इथे नीट समजून घ्यायला हवे. वणी परिसराच्या जुन्या नोंदींपैकी एक राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याच्या काळची आहे. शके 730 चा हा ताम्रपट ‘वणी-दिंडोरी ताम्रपट’ म्हणून अभ्यासकांना परिचित आहे. गावाच्या दानाचा तो दस्त आहे. तांब्याच्या अशा पत्र्यांतून कडी ओवत आणि कडीवर राजमुद्रा बसवत. खरेपणाची खूण वस्तूवरच असे. तलाठ्याची शाईची सही आणि गोल शिक्काही त्याच जातीचे. 1 मे 2018 पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा या बाबतीत वेगळा आहे. त्यातली सही माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 नुसार ग्राह्य आहे, पण ती पीडीएफ फाइलच्या आत, आकड्यांच्या रूपात असते. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. त्याच फाइलचा प्रिंट काढला की कागदावर उरते ते सहीचे चित्र.

म्हणून अशा उताऱ्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो. समोरच्याने तो महसूल खात्याच्या ‘महाभूमी’ या संकेतस्थळावर टाकून मूळ उतारा पाहायचा आणि हातातल्या कागदाशी ताडायचा. बिनपैशाचा उतारा ‘महाभूलेख’वर दिसतो, पण तो फक्त माहितीसाठी, बँकेत किंवा कचेरीत चालतो तो 15 रुपये भरून घेतलेला, स्वाक्षरीचा. सेतू केंद्रातून आणलेला रंगीत प्रिंट लॅमिनेट करून ठेवला तरी त्याचे वजन त्या क्रमांकावरच ठरते.

क्यूआर कोड हे याच कामाचे दुसरे साधन. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने 1994 मध्ये तो मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला काढला. कारखान्यात तेल-धूळ लागणारच हे गृहीत धरून त्यात जादा माहिती भरून ठेवलेली असते. सर्वात वरच्या पातळीवर सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. चुरगळलेल्या कागदावरून थेट संगणकापर्यंत पोचवणारा इतका स्वस्त पूल दुसरा नाही.

बाजार समितीची पट्टी एवढी सुदैवी नाही. अनेक काट्यांवर पट्टी थर्मल कागदावर निघते. त्यात शाई नसते. कागदावरचा रासायनिक थर उष्णतेने काळा होतो. उन्हात, डॅशबोर्डवर किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ती काही महिन्यांत पुसट होते. 2023 सारखे अनुदान विक्रीनंतर जाहीर होते, तेव्हा वाचता येणारी पट्टी हाच आधार. पट्टी मिळाल्या दिवशी तिचा सपाट, सावलीविना फोटो काढावा, फाइलला तारीख, पीक आणि गट नंबर असे नाव द्यावे, मूळ पट्टी पाकिटात ठेवावी आणि थर्मल असेल तर साधी झेरॉक्सही जोडावी. फोटो शोधायला उपयोगी पडतो, तर कचेरी मूळ पट्टी मागते. पीकपेरा भरल्यावरही अ‍ॅपवर विसंबून न राहता काही दिवसांनी बारा नंबरचा नमुना उघडून पीक खरेच चढले का, हे पाहिलेले बरे.

सरकारी यंत्रणाही आता हीच दुहेरी वाट चालते. जमिनीची खरेदी किंवा वारस लागला की फेरफाराची नोंद धरली जाते आणि हितसंबंधितांना नोटीस निघते. ती गावच्या चावडीत लागते, तशीच महाभूमीच्या ‘आपली चावडी’ या डिजिटल फलकावरही दिसते. हरकतीला 15 दिवस असतात. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करू शकतात. वणीतला भाऊ फलक वाचेल, पुण्यात नोकरी करणारी बहीण मोबाइलवर पाहील. दोघांपैकी ज्याला हरकत असेल त्याने ती तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी आणि पोच मागून घ्यावी. अशी लेखी पोच देणे हे जमीन महसूल संहितेच्या कलम 150 नुसार त्याचे कर्तव्य आहे.