शेतीच्या व्यवस्थेचा अभ्यास व त्याची रीत

भाताच्या शेतीत नफा होतो की तोटा, हा प्रश्न दिसावयास साधा. परंतु त्याचे उत्तर पिकाइतकेच मोजण्याच्या रीतीवरही अवलंबून असते. वेल्ह्याकडील पासलीसारख्या गावी एखाद्या खाचराचा हिशेब मांडू लागले, म्हणजे हे तत्काळ ध्यानात येते. राबासाठी तोडलेला पाला विकत आणलेला नसतो. लावणीस घरचीच माणसे राबतात. ती अपुरी पडली तर इर्जिकीने शेजारी येतात, व त्यांस रोख मजुरी नव्हे, तर जेवण आणि पुढे श्रमाची फेड द्यावी लागते. यांपैकी खर्चात काय धरावे व कोणत्या दराने, हे आधी ठरविल्यावाचून मांडलेले आकडे व्यर्थ होत.

या विषयाचा उत्तम धडा पुणे जिल्ह्यातच घालून दिलेला आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून ती १९१७ साली प्रसिद्ध केली. घरोघरच्या चौकशीवरच विसंबून न राहता त्यांनी जुनी दप्तरेही तपासली. म्हणूनच १७७१ साली दर खातेदाराकडे सरासरी ४० एकर असलेली जमीन १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आल्याचे उघड झाले. माणसांच्या स्मरणातून हे कधीच निघाले नसते! शिवाय, पुण्याशेजारचे एक गाव म्हणजे सारे दख्खन नव्हे. श्री. कानिटकर यांच्यासह त्यांनी जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू गाव घेतले व त्याचा वृत्तांत १९२१ साली काढला.

पुढे १९५४-५५ पासून सरकारने नाशिक व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत दोन रीती शेजारी-शेजारी चालविल्या. एकीत माणूस गावी राहून थोड्या शेतांची रोजची नोंद घेई. दुसरीत पुष्कळ शेतकऱ्यांस विचारून माहिती भरीत. पहिली खर्चाची, दुसरी स्मरणावर टेकलेली. आमचा कल पहिलीकडे आहे. देशभरच्या अशा पाहण्यांत घरच्या श्रमास बाजारभावाने मजुरी लावताच पुष्कळ शेती तोट्यात दिसू लागली. त्यावर १९६२ साली अमर्त्य सेन यांनी, ज्या श्रमास बाहेर काम मिळत नाही त्यास बाजारची मजुरी लावणे कितपत युक्त, असा प्रश्न उपस्थित केला. तो पासलीच्या शेतकऱ्यासही लागू पडतो. मात्र ज्याचा मुलगा पुण्यास नोकरीस जाऊ शकतो, त्याच्या घरी उत्तर निराळे येईल.

सबब अभ्यासकाने दोन्ही बेरजा स्वतंत्र ठेवाव्या: एक हातचा पैसा गेला ती, दुसरी घरचे श्रम व इर्जिकीची फेड धरून. धान्य पायलीने मापले असल्यास एक पायली तोलून पाहावी. पेंढा गुरांस घातला तरी उत्पन्नात लिहावा. आणि वही सुगीनंतर नव्हे, तर उन्हाळ्यात राब भाजण्यापूर्वी उघडावी. कारण पाला तोडण्याचे दिवस मार्गशीर्षात कोणासही नेमके आठवत नाहीत.